चिंता नको

परवा रात्री त्याचा मेसेज. ‘पोहोचलो. आई, चिंता करू नकोस.’ एवढंच. ह्यांना दाखवला तर म्हणाले, पोहोचला ना, मग झोप आता.

झोप कुठली येतेय. त्याच्या टेबलावर राहिलेली वही चाळत बसले. जायच्या आधी दोन महिने इंडोनेशियन शब्द घोकत होता, ती. तिसऱ्या पानावर त्याच्या गिचमिड अक्षरात: चिंता = प्रेम. वाटलं, घाईत चुकला असेल. चुकला नव्हता. शब्द आपलाच, संस्कृतातून तिकडे गेलेला. सुमात्रात पालेंबांगजवळ 683 सालचा शिलालेख आहे, केदुकान बुकितचा. त्यावरच्या जुन्या मलय भाषेत, म्हणजे इंडोनेशियनच्या पूर्वज भाषेतसुद्धा, संस्कृत शब्द कालवलेले आहेत. चिंता म्हणजे मुळात नुसता विचार. तिकडे त्याचं प्रेम झालं, इकडे घोर.

म्हणजे जाकार्तात बसून हा मला लिहितो, चिंता करू नकोस. कळून लिहिलं की काय?

वेडेपणा आहे, कळतंय. विमानतळावर मी जे बोलले त्यानंतर तर… असो.

त्याच पानावर खाली: सेंगसारा = हालअपेष्टा. हा आपला संसार! सकाळी ह्यांना सांगितलं. हसले नाहीत. सुआमी म्हणजे नवरा, तो स्वामी. सायांग म्हणजे लाडका, आणि ‘अरेरे, वाईट झालं’ म्हणायलाही सायांगच. हे मात्र मला एकदम पटलं.

मग फोनवर शोधत कुठच्या कुठे गेले. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमधली पिपिल भाषा. बोलणारे तिला ‘नावात’ म्हणतात, आणि तेही आता मोजके म्हातारे उरलेत. त्यांच्यात प्रेम करणं म्हणजे तासुह्ता. मेक्सिकोतल्या तिच्या नात्यातल्या नाहुआत्लमध्ये त्याच घरातला शब्द त्लासोह्त्ली: लाडकं, आणि महागही. महाग हे खरंय. तिकिटाचे पैसे मीच भरलेत.

आपण तरी कुठे वेगळे? माया लावायची, माया जमवायची, आणि कीर्तनात बसलं की सगळी मायाच.

तरी ते ‘करू नकोस’ काही डोक्यातून जाईना. जगात कोणी आईला असं सांगतं का? सांगतात. मीही सांगायचे, नोकरीला पुण्यात आले तेव्हा, दर पत्रात. आईनं एकदाही ऐकलं नाही.

आज सकाळी उत्तर पाठवलं: ‘करणार. गोडा मसाल्याची पिशवी फुटली नाही ना?’

त्याचा अंगठा आला. दोन्हींतल्या कशाला, कोण जाणे.