डोंगरात राहता, मग एवढी यंत्रं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न जुनाच आहे, विचारणारे बदलतात. "डोंगरात जाऊन राहिलात ते या सगळ्यापासून लांब जायलाच ना? मग दारात बाईक, छपरावर इंटरनेटची तबकडी, खोलीत बॅटऱ्या, हे कशाला?" दर वेळी मी घाईत काहीतरी उत्तर देते आणि मागाहून हळहळते, कारण खरं उत्तर सांगायला एक अख्खी दुपार लागते. आज ती मिळाली आहे.

मी यंत्रांपासून पळून इथे आलेले नाही. उलट त्यांची खरी ओळख मला इथेच झाली. सपाटीवर राहत होते तेव्हा गाडी सुरू व्हायची, फोन लागायचा, दिवा पेटायचा. कशामुळे, हे विचारायची वेळच येत नसे. इथे प्रत्येक वस्तूला हद्द आहे. थंडीची, उंचीची, उजेडाची, कड्यांच्या आडोशाची. ती हद्द ओळखून वागलं की यंत्र इमानाने साथ देतं, आणि नाही ओळखली तर नेमकं अडचणीच्या जागी थांबतं.

आधी बाईकचं सांगते, कारण माझा जीव तिच्यात आहे. घर साधारण २००० मीटर उंचीवर आहे. इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने विरळ. माझी पहिली गाडी कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) होती. खाली ठणठणीत चालायची आणि चढ लागला की धापा टाकायची. पेट्रोल भरपूर यायचं, पण ते जाळायला ऑक्सिजन पुरायचा नाही. मग सायलेन्सरमधून काळा धूर आणि स्पार्क प्लगवर काजळी. प्लग काढून घासणं, पेट्रोल कमी सोडणारं लहान जेट बसवणं हे सगळं त्या गाडीने शिकवलं. आताच्या गाडीला फ्युएल इंजेक्शन आहे. तिचे सेन्सर हवेचा दाब आणि तापमान मोजतात आणि त्या मापाने पेट्रोल सोडतात. गेलेली ताकद मात्र त्यांनाही परत आणता येत नाही, म्हणून चढावर पुढची गाडी ओलांडताना मी सपाटीचा अंदाज कधी धरत नाही.

आणि ही गाडी मनसोक्त चालवायचा माझा ऋतू म्हणजे पानगळ. मराठीत शरद म्हटलं की चांदणं आठवतं; उंचावरच्या थंड डोंगरात शरद म्हणजे रंग. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दिवस-रात्र सारखे होतात आणि त्याच सुमाराला दिवस सगळ्यात भराभर आखडतो. झाडांना ते कळतं. पानातलं हरितद्रव्य मोडू लागतं आणि त्याच्याआड उन्हाळाभर दडलेला पिवळा वर येतो. लाल मात्र दडलेला नसतो. तो काही झाडं याच दिवसांत नव्याने तयार करतात, आणि दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारवा (पण हिम नको) असं जमून आलं की तो जास्त खुलतो. जे पान आठ-दहा दिवसांत गळणार आहे त्याच्यासाठी झाड एवढे कष्ट का घेतं, यावर शास्त्रज्ञांचं अजूनही एकमत नाही. हे वाचल्यापासून लाल झाड दिसलं की मी गाडी कडेला घेते आणि दोन मिनिटं नुसती उभी राहते.

हीच पानं रस्त्यावर उतरली की गोष्ट वेगळी होते. तीन वर्षांपूर्वी एका डाव्या वळणावर मी पडले. रात्री पाऊस होऊन गेला होता. वरची पानं उन्हाने सुकली होती, म्हणून रस्ता कोरडा वाटला. खालचा थर ओला, साबणासारखा. गाडी वळणात कललेली होती आणि मी पुढचा ब्रेक अगदी बोटभर दाबला. पडायच्या आधी आवाज थांबला हे मला लख्ख आठवतं. टायरचा डांबरावरचा खरखर आवाज, जो एरवी ऐकू येतोय हेही आपल्या लक्षात येत नाही, तो एका क्षणात नाहीसा झाला. मग हँडल हलकं झालं आणि मी रस्त्यावर. क्लचचा दांडा वाकला, गुडघा सोलवटला, जॅकेटच्या कोपराला एक पिवळं पान चिकटलं होतं. गाडीला एबीएस होतं. पण साधं एबीएस चाक जाम होण्यापासून वाचवतं. कललेल्या गाडीला बाजूला घसरण्यापासून ते वाचवू शकत नाही. टायरची पकड मोजकीच असते. ती वळण्यात खर्च होत असताना ब्रेकसाठीही मागितली की पुरत नाही. तेव्हापासून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच. वळणात फक्त नजर पुढे आणि हात सैल.

थंडीचे हिशोबही याच घाटाने शिकवले. पारा पाच-सहा अंशांनी उतरला की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं माप) कमी भरते, म्हणून ऑक्टोबरात मी दर आठवड्याला हवा तपासते. पाच अंशांत ताशी ६० किलोमीटरने गेलं तर वाऱ्यामुळे अंगाला उणे दोनसारखं लागतं, आणि आखडलेली बोटं ब्रेकवर उशिरा पोचतात. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि दरीत साठते. म्हणून निरभ्र पहाटे माझ्या अंगणापेक्षा खालचा ओढ्यावरचा पूल जास्त गार असतो, आणि पुलाला खालूनही वारा लागतो, तेव्हा हिमाचा पातळ थर आधी तिथेच धरतो. पाहुणे उलटं समजतात: उंचावरचा रस्ता धोक्याचा, खाली पोचलो की सुटलो. या दिवसांत मी दहाच्या आधी गाडी काढत नाही.

हवामानाचा अंदाज मी रोज पाहते, पण त्याचीही हद्द आहे. युरोपियन हवामान केंद्राचं जगभर वापरलं जाणारं मुख्य मॉडेल जमिनीचे साधारण नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करतं. एवढ्या एका चौकोनात माझा सुळका, माझं घर आणि खालची दरी असं सगळं मावतं, आणि गणितात त्या सगळ्याची मिळून एकच उंची धरलेली असते. म्हणून मागच्या भिंतीवर, सावलीच्या बाजूला, एक साधा थर्मामीटर टांगला आहे. अंदाज आणि थर्मामीटर यांत रोज किती फरक पडतो ते वहीत लिहिते. चार वर्षांच्या नोंदींनंतर आता अंदाज वाचतानाच मनात आपोआप दुरुस्ती होते.

फोनबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. "रेंज नाही तिथे नकाशा कसा चालतो?" जीपीएसला रेंज लागतच नाही. ते उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून आपली वेळ आणि जागा सांगत फिरत असतात आणि फोन नुसता ऐकत असतो. चार उपग्रह नीट ऐकू आले की आपण कुठे आहोत ते त्याला काढता येतं. रेंज लागते ती नकाशाचं चित्र आणायला, आणि ते घरूनच उतरवून घेता येतं. मी घराबाहेर पडताना फोन फ्लाइट मोडवर टाकते, कारण दरीत टॉवर शोधण्यातच बॅटरी सगळ्यात जास्त संपते. अरुंद दरीत मात्र आभाळाची एक पट्टीच दिसते, लहरी कड्यावर आपटून येतात आणि पडद्यावरचा निळा ठिपका ओढ्याच्या पलीकडे उडी मारतो. तेव्हा ठिपक्यावर नाही, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा.

एकदा वरच्या खिंडीत फोटो काढायला फोन बाहेर काढला. ३८ टक्के बॅटरी होती. दोन फोटो निघाले आणि पडदा काळा. पहिल्यांदा पोटात गोळा आला होता. थंडीत बॅटरीच्या आत विजेला होणारा रोध वाढतो, कॅमेऱ्यासारखं जड काम मागितलं की व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. चार्ज कुठेही गेलेला नसतो. फोन जॅकेटच्या आत, अंगाला लावून ठेवला आणि दगडावर बसून राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी तो सुरू झाला आणि ३५ टक्के दाखवू लागला. आता तो हँडलवर लावतच नाही, आतल्या खिशात असतो. तसंही बाईकच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातली हात-थरथर सावरणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये सांगितलेलंच आहे.

घरातल्या बॅटऱ्यांचं दुखणं याच्या उलट आहे. लिथियमची बॅटरी शून्याखाली वापरता येते, पण शून्याखाली चार्ज करायची नाही. आत धातूचा थर जमतो आणि ते नुकसान कायमचं. थंडीतल्या सकाळी स्वच्छ ऊन पॅनेलवर पडलेलं असतं, वीज तयार असते, आणि बॅटरीची रक्षक यंत्रणा ती आत घेत नाही. आधी मी चरफडायचे. मग बॅटऱ्या बाहेरच्या पडवीतून उचलून आतल्या भिंतीशी आणल्या, जिथे शेगडीची ऊब पोचते. आता त्या आणि मी एकाच खोलीत हिवाळा काढतो.

आणि छपरावरची तबकडी. उपग्रहाचं इंटरनेट पूर्वीही होतं, पण ते उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. एक वाक्य बोलून समोरून उत्तर यायला अर्धा-पाऊण सेकंद जायचा आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या बोलण्यावर आदळायचे. आताचे ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे गप्पा समोरासमोर बसल्यासारख्या होतात. त्यावर माझं कामही चालतं, पण तबकडीची खरी वेळ रविवारची संध्याकाळ. खालच्या घरातल्या आजी काठी टेकत वर येतात आणि परदेशातल्या नातवाशी बोलतात. त्याला बोलताना अडखळायची सवय आहे. पूर्वीच्या फोनवर तो अडखळतोय की लाइन तुटतेय हेच आजींना कळायचं नाही आणि त्या घाईघाईने "हॅलो, हॅलो" करायच्या. आता त्या गप्प राहून वाट पाहतात. तो वाक्य पुरं करतो. माझी शांतता या तबकडीने भंगत नाही हो.

आजींचा आणि माझा आणखी एक व्यवहार आहे. माझ्याकडे उपग्रहावरून मदत मागायचं छोटं यंत्र आहे, बाईकवर निघाले की ते कमरेला असतंच. पण तेही उघडं आभाळ मागतं, आणि बटण दाबायला मी शुद्धीवर असावं लागतं. म्हणून निघताना आजींच्या दाराशी चिठ्ठी ठेवते: कोणता रस्ता, कुठे वळणार, परत कधी. आल्यावर स्वयंपाकघरातला दिवा लावते. तो त्यांच्या खिडकीतून दिसतो. एकदा दिवा लावायला विसरले आणि अर्ध्या तासात त्या टॉर्च घेऊन चढ चढून दारात उभ्या. "अगं, आलीस तर सांगायचं नाही का?" एवढंच म्हणाल्या. धाप लागली होती त्यांना. मी खाली मान घालून उभी राहिले.

उद्या हवा उघडी दिसते आहे. टायर पाहिले, चेनला तेल दिलं, नकाशा उतरवून घेतला. चिठ्ठीही लिहून झाली आहे: खिंडीपर्यंत जाऊन परत, साडेतीनच्या आत. या आठवड्यात ऊन पावणेचारला कड्यामागे जातं, आणि त्यानंतर ओढ्याकडच्या वळणावरची पानं पुन्हा ओली होऊ लागतात.