दादाचे नवे यकृत आणि नऊची गोळी

सकाळचे नऊ आणि रात्रीचे नऊ या दोन वेळा इंदूरच्या लोकमान्य नगरातील आमच्या घराच्या अंगवळणी पडल्या आहेत, कारण तेव्हा दादा टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रत्यारोपणाने मिळालेले यकृत शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची, गोळी घेतो. रक्त तपासायच्या दिवशी मात्र वहिनी गोळ्यांचा डबा स्वतःच्या पिशवीत ठेवतात आणि रक्त देऊन झाल्यावरच त्याच्या हाती देतात. गोळी आधी घेतली गेली तर रक्तातील औषधाची पातळी फुगलेली दिसते, आणि त्या आकड्यावरूनच पुढची मात्रा ठरायची असते.

दादाला हेपॅटायटिस बीमुळे सिरोसिस झाला, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होऊन निकामी होत गेले, आणि त्यातच कर्करोगाची गाठ निघाली. यकृताचा भाग वहिनींनीच दिला. गाठ एकच असून पाच सेंटीमीटरपर्यंत, किंवा गाठी तीनपर्यंत असून प्रत्येक तीन सेंटीमीटरपर्यंत, आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही, या, प्रत्यारोपण कोणाला करावे हे ठरवणाऱ्या, १९९६ सालच्या मिलान निकषांत तो बसत होता. त्यामुळे जुने यकृत निघाले म्हणजे रोगही निघाला, असे आम्ही धरून चाललो. ही आमची मोठी चूक होती. शस्त्रक्रियेपूर्वीच काही पेशी रक्तावाटे फुप्फुसांत किंवा हाडांत जाऊन बसलेल्या असू शकतात. काढलेल्या यकृतात सूक्ष्म रक्तवाहिन्यांपर्यंत रोग पोचला होता का, जिवंत गाठी किती व केवढ्या होत्या, आणि प्रत्यारोपणाच्या वेळी एएफपी (यकृताच्या कर्करोगात रक्तात अनेकदा वाढणारे प्रथिन) किती होते, यांवरून पुढची जोखीम ठरवतात. तो पॅथॉलॉजीचा अहवाल आमच्याकडे कित्येक आठवडे फायलीत न वाचलेलाच पडून होता.

खरी ओढाताण औषधांची आहे. शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागते, आणि तीच दबलेली शक्ती उरल्यासुरल्या कर्करोगाच्या पेशींना आवरायला अपुरी पडते. म्हणून यकृत सांभाळले जाईल एवढीच, पण त्याहून जास्त नाही, अशी पातळी डॉक्टर शोधत असतात. जखम भरल्यावर काहींना सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस देतात; ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतातच, शिवाय कर्करोगालाही आवरतील अशी आशा असते. सिरोलिमसवर मला फार भरवसा होता. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सुरुवातीच्या काही वर्षांत दिसलेला लाभ पुढे टिकलेला आढळला नाही. हेपॅटायटिस बीची गोळी मात्र दादाला जन्मभर घ्यायची आहे, आणि तिच्यात खंड पडता कामा नये.

एका नातलगांनी मायेने गुळवेलीचा काढा आणून दिला होता. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली आहे; शिवाय प्रतिकारशक्ती चेतवणारी वस्तू दादाने घेणे म्हणजे नव्या यकृतावर घाव घालणे. वहिनींनी पाहुण्यांना चहा दिला आणि बाटली त्यांच्यासमोरच मोरीत रिकामी केली.

रोग उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, म्हणून दर सहा महिन्यांनी छाती व पोटाचा सीटी स्कॅन आणि एएफपी ठरलेले आहे. पुढची तारीख नेमकी अनंत चतुर्दशीला लागून आली आहे. मिरवणुकीतल्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) पाहून मग जाऊ, असे दादा म्हणाला. वहिनींनी तारीख बदलू दिली नाही.