आमची वाटचाल : खड्डा बुजवण्यापासून पुराला वाट देण्यापर्यंत

आमच्या फर्मची सुरुवात दोन डंपर, भाड्याचे एक पोकलेन आणि ‘खड्डा म्हणजे बुजवायची जागा’ एवढ्या समजुतीवर झाली. नदीकाठच्या रेव-गोट्यांच्या खाणी उपसा संपल्यावर मालकांना सपाट करून हव्या असत आणि आम्ही भराव टाकून, रोलर फिरवून, वर माती पसरून त्या ताब्यात देत असू. पुराचा उल्लेख आमच्या अंदाजपत्रकात एकाच ओळीत येई : नदी आणि खाण यांच्यामध्ये मातीचा बांध, उंची नकाशाप्रमाणे.

तिसऱ्या कामाने ती ओळ आम्हाला पुन्हा वाचायला लावली. खाणवाल्याने नदीकडे सोडलेल्या रेवेच्या अरुंद पट्ट्यावर आम्ही बांध उभा केला होता. पूर आला त्या रात्री पाणी माथ्याच्या हातभर खाली थांबले, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आमचे मुकादम मात्र माथ्याकडे न पाहता बॅटरी घेऊन खाणीच्या बाजूच्या पायथ्याशी उतरले. तेथे परातीएवढ्या जागेत पाणी बुडबुडत होते आणि त्याच्याभोवती बारीक वाळूचे कडे साचत चालले होते. झिरपणारे पाणी स्वच्छ असेपर्यंत फारशी चिंता नसते. ते गढूळ झाले की बांधाखालचे बारीक कण वाहून जाऊ लागले असे समजावे, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते गढूळ झाले. मुकादमांनी त्या उमाळ्याभोवती वाळूच्या पोत्यांचे गोल कडे रचून आत पाणी चढू दिले, त्याच्या दाबाने उमाळा मंदावला आणि सुदैवाने पहाटेपर्यंत पूर ओसरला. उजाडल्यावर पाहिले तर वरचा बांध खचलेला होता. चूक सर्वस्वी आमची होती, कारण बांधाखालची रेव खणून, पार घट्ट थरापर्यंत चिकणमातीची खंदक-भिंत उतरवायला हवी होती आणि ती आम्ही खर्च वाचवण्यासाठी गाळली होती. ते काम पदरमोड करून पुन्हा केले.

तरीही मूळ प्रश्न बांधाच्या मजबुतीपेक्षा मोठा होता, हे उमगायला आणखी दोन-तीन कामे जावी लागली. पात्राच्या तळापेक्षा खोल असलेली खाण रिकामी असताना पूर तिच्यात शिरला, तर पाणी धबधब्यासारखे कोसळते, मधला पट्टा कापत जाते आणि नदी सरळ खड्ड्यातून वाहू लागते. मग नदीतळाची झीज प्रवाहाच्या वरच्या दिशेने सरकत पुलांच्या पायांपर्यंत पोहोचू शकते, आणि वाहत येणारे गोटे खड्ड्यातच अडकल्यामुळे खालच्या बाजूला उपाशी नदी स्वतःचेच पात्र खरवडते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ईस्ट फोर्क लुईस नदीने १९९६ च्या पुरात जुना मार्ग सोडून बंद पडलेल्या रेवखाणींतून असाच नवा मार्ग काढला.

तेव्हापासून आम्ही नदीला केवळ अडवण्याचा नाद सोडला. खाणीच्या खालच्या टोकाला, म्हणजे प्रवाह जिकडे जातो त्या बाजूला, बांधात मुद्दाम ठेंगणा आणि रुंद सांडवा ठेवतो, जेणेकरून पुराचे फुगवट्याचे पाणी आधी तेथून संथपणे आत चढावे आणि वरच्या टोकाला पाणी बांधावरून जाईल तेव्हा आतल्या-बाहेरच्या पातळीत फारसा फरक उरू नये. सांडव्याच्या उतारावर दगडी पिचिंग आणि त्याखाली गाळणीचा थर असतो. हा थर दिसत नाही, म्हणून बिलातून उडवण्याची सूचना हमखास येते, पण तो नसेल तर दगड जागच्या जागी राहूनही खालची माती निघून जाते. दगडाच्या आकारातही तडजोड नाही : पाण्याचा वेग दुप्पट झाला तर प्रवाह चौसष्टपट वजनाचा दगड ढकलू शकतो.

ग्राहकांशी सर्वांत जास्त वाद दोन गोष्टींवरून होतो. पाण्याने भरलेली खाण म्हणजे पुराचे पाणी साठवायची मोठी टाकी, असे अनेकांना वाटते. परंतु बारा मीटर खोल खड्ड्यात भूजल जमिनीखाली तीन मीटरवर उभे असेल, तर पुरासाठी ते वरचे तीन मीटरच मोकळे असतात. दुसरा आग्रह, भराव आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच करून जागा ‘पुराबाहेर’ काढण्याचा. तसे केल्यास पुराची पसरण्याची जागा घटते आणि पाणी समोरच्या काठावर चढते, म्हणून अशी दोन कामे आम्ही नाकारली. नाकारताना हात आखडले होते, हे कबूल करतो.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा, हा समज तर बैठकीत हटकून निघतो. तो कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते आणि तीस वर्षांच्या मुदतीत निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे सव्वीस टक्के होते, हे आम्ही पहिल्याच बैठकीत कागदावर मांडून दाखवतो.

सध्या चालू असलेल्या कामावर खालचा सांडवा पूर्ण झाला असून वरच्या टोकाची खंदक-भिंत अजून घट्ट थराला टेकलेली नाही. मुकादम आता निवृत्त आहेत, पण खंदकात चिकणमातीचा पहिला थर पडण्यापूर्वी ते येऊन तळ पाहून जातात आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय रोलर सुरू होत नाही.