सातव्या पिढीचा लॅपटॉप

रविवार, रात्री साडेदहा. टिळकवाडी, बेळगाव

झालं एकदाचं. विंडोज १० पुसून लॅपटॉपवर डेबियन १३ टाकलं, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. दुपारी दोनला बसले ते आत्ता उठतेय. मधे आई दोनदा डोकावून गेली, "जेवतीस काय नाही गे आज?"

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा प्रोसेसर इंटेलचा, सातव्या पिढीचा; विंडोज ११ ला सहसा आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळाले असते, पण वर्षाने पुन्हा हाच प्रश्न. चालत्या मशीनला भंगार म्हणायला मन तयार होईना. दादा म्हणत होता मॅक घे. त्याच्याकडे आहे, बॅटरी दिवसभर पुरते, मशीन खरंच देखणं. पण मॅकबुक एअरच लाखाच्या घरात जातो. आयफोनचं अ‍ॅप करायचं असतं तर कर्ज काढूनही घेतला असता, कारण ते बनवायचं एक्सकोड मॅकशिवाय दुसरीकडे चालत नाही. माझं काम तसलं नाही.

माझं काम म्हणजे उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपच्या हजेरीचा प्रोग्राम, आणि त्याचा सर्व्हर लिनक्सवर. गेल्या महिन्यात तिथंच हात पोळले. एका फाइलच्या नावात पहिलं इंग्रजी अक्षर मोठं होतं, कोडमध्ये मी ते लहान लिहिलं. विंडोज दोन्ही एकच मानतं, म्हणून माझ्याकडे सगळं सुरळीत. शनिवारी नवीन कोड सर्व्हरवर चढवला. सोमवारी सकाळी पहिल्या पाळीची माणसं दारात उभी, आणि हजेरीचं पान उघडेना! लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावं. मालक एक शब्द बोलले नाहीत, वही काढून हजेरी घेतली. त्यांचं ते न बोलणं मला अजून लागतं. तेव्हाच ठरवलं, जिथं चालवायचं तिथंच लिहायचं. (मॅकही सहसा लहान-मोठं अक्षर एकच धरतो. दादाला हे माहीत नव्हतं.)

विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल वापरून झालं होतं. वाईट नाही, दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात खरा लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, असतो. पण तो व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकात चालतो, त्यावर प्रोग्राम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारा डॉकर, आणि माझी रॅम सगळी मिळून आठ जीबी. ब्राउझर उघडला की पंखा गिरणीसारखा घरघरायचा. आज हजेरीचा डेटाबेस डॉकरमध्ये सुरू केला. इथं कंटेनर थेट याच कर्नलवर चालतो, मधे कुणी नाही. निम्म्याहून जास्त रॅम मोकळी दिसली तेव्हा आईला हाक मारून दाखवली.

वायफायची धास्ती होती. पूर्वी त्याचं फर्मवेअर, म्हणजे वायफायच्या चिपला लागणारं सॉफ्टवेअर, वेगळं शोधून आणावं लागायचं. डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. पहिल्या फटक्यात लागलं.

मग कीबोर्ड. शॉपमधली खानापूरकडची माणसं मराठी वाचतात, गोकाक-बैलहोंगलकडची कन्नड, म्हणून पानावर प्रत्येकाचं नाव दोन्ही लिप्यांत. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीत दोन्हीकडे अक्षरांच्या जागा त्याच. ‘मारुती’ टाइप केलं, सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस दाबून कन्नडवर गेले, डोळे मिटून त्याच सहा कळा त्याच क्रमाने दाबल्या. खालच्या ओळीत कन्नड लिपीत मारुती! विंडोजवरही हे होतंच, तरी प्रत्येक वेळी ऊर भरून येतो. ही मांडणी करणाऱ्यांनी आपल्या लिप्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या असणार. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मात्र जोडाक्षरं अजून विस्कटतात. नावं तपासायला एडिटरच उघडावा लागतो.

विंडोज घरातून गेलेलं नाही. मालकांचा हिशेब विंडोजवरच्या टॅलीत, पगाराची फाइल तिथं नीट उघडते का ते बघायला बाबांचा डेस्कटॉप आहे. शॉपमधल्या अकाउंटंट काकांना मी लिनक्स घ्या म्हणणार नाही. त्यांचं काम टॅलीवर बसलंय, ते तसंच राहू दे.

आत्ता लाईट गेली. कोड तपासणाऱ्या टेस्ट बॅटरीवर चालू आहेत, फाइलच्या नावांची नवी टेस्ट सगळ्यात आधी लावलीय. उद्या नवीन कोड चढवायचाय. या वेळी पहिल्या पाळीच्या आधी मी स्वतः उद्यमबागेत जाऊन दारापाशी उभी राहणार आहे.