आमची सोसायटी आणि मेंढा लेखा

काल सोसायटीची मीटिंग पार्किंगवरून तीन तास चालली, शेवटी हात वर करून मतदान झालं आणि हरलेले लोक आता लिफ्टमध्ये पण बोलत नाहीयेत. मला आठवलं गडचिरोलीतलं मेंढा लेखा, गोंडांचं गाव, तिकडे ग्रामसभेत बहुमत चालतच नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, आणि याच सभेने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला! त्यांची घोषणाच आहे, ‘दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. आणि आपल्या आरेतले वारली पाडे? मुंबई अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी भागात नाही, म्हणून अशा भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा त्यांना लागूच नाही. पाड्यापासून मंत्रालय तासाभरावर, तरी.