हार्प एफसी

कपाट आवरताना आज आईनं माझी मँचेस्टर युनायटेडची जुनी फुटबॉल जर्सी थेट फरशी पुसायच्या फडक्यांत टाकली! १९९९ च्या तिहेरी विजेतेपदाच्या हंगामातली, गळ्याला चेनवाली, छातीवर प्रायोजक कंपनीचं नाव ‘शार्प’ (SHARP). अस्सल कुठली, शाळेत असताना ठाणे स्टेशनबाहेर घासाघीस करून घेतलेली. पहिला ‘S’ कधीच उडालाय, आता नुसतं ‘हार्प’ उरलंय. चेन अर्ध्यावर अडकते. अर्जेंटिनाची तीन विश्वचषकांच्या तीन ताऱ्यांची नवी जर्सीही आहे माझ्याकडे, हलकी, घाम न धरणारी. पण जीव अडकलाय तो या जाडजूड लाल पॉलिएस्टरमध्येच.

संध्याकाळी हट्टानं हीच घालून घोडबंदरच्या टर्फवर गेलो. पोटावर ताणली होती, असो. बार्सिलोनाच्या यमालच्या जर्सीतला एक पोरगा निरखून बघत म्हणाला,
“काका, हार्प कुठल्या लीगमध्ये खेळते?”