एकच नाव, दोन प्रयोग : इन्सब्रुकमधील प्रयोगशाळेतून

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे संशोधनासाठी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात माझी मोजमापे दुसऱ्या देशातील एका सहकाऱ्याच्या मोजमापांशी ताडून पाहण्याची वेळ आली. दोघांनीही उंदराच्या यकृतातील तंतुकणिका (पेशीसाठी ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया) वापरल्या होत्या, दोघांच्याही तक्त्यात ‘स्टेट टू’, म्हणजे त्यांच्या श्वसनाची दुसरी अवस्था, या नावाचा रकाना होता, आणि तरीही त्या रकान्यातील आकडे काही केल्या जुळेनात. अख्खी दुपार आम्ही संवेदक, तापमान आणि द्रावणे पुन्हा पुन्हा तपासण्यात घालवली. यंत्रात काहीच बिघडलेले नव्हते. त्याच्या ‘स्टेट टू’मध्ये एडीपी (ज्यापासून एटीपी बनते तो रेणू) होते, पण इंधन, म्हणजे तंतुकणिका ज्यातून इलेक्ट्रॉन घेतात तो पदार्थ, नव्हते, माझ्या ‘स्टेट टू’मध्ये इंधन होते, पण एडीपी नव्हते.

मराठीत ‘श्वसन’ म्हटले की आधी छाती आणि फुप्फुसे आठवतात, म्हणून थोडे स्पष्ट करते. तंतुकणिका अन्नातून आलेल्या रेणूंमधील इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोहोचवतात, त्या प्रवासात आपल्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन ढकलतात, आणि ते प्रोटॉन परत येताना एडीपीपासून एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा साठवणारा रेणू, तयार होते. बंद कुपीत ठेवलेल्या तंतुकणिका किती वेगाने ऑक्सिजन वापरतात, हे आम्ही मोजतो. हा वेग कुपीत काय घातले आहे यावर पूर्णपणे अवलंबून असल्यामुळे त्या स्थितीला नाव द्यावे लागते.

ही नावे १९५५ मध्ये ब्रिटन चान्स आणि जी. आर. विल्यम्स यांनी दिली. त्यांच्या प्रयोगात आधी केवळ तंतुकणिका होत्या, ती पहिली अवस्था. मग एडीपी घातले, ती दुसरी. मग इंधन घातल्यावर वेग वाढला, ती तिसरी. एडीपी संपल्यावर वेग मंदावला, ती चौथी. आणि ऑक्सिजन संपला, ती पाचवी. म्हणजे क्रमांक हा प्रयोगातील पायऱ्यांचा होता. पुढे अनेक प्रयोगशाळांनी सोयीसाठी इंधन आधी आणि एडीपी नंतर घालायला सुरुवात केली, पायऱ्यांचा क्रम बदलला, पण क्रमांक तसेच राहिले. त्यामुळे आमची ती दुपार वाया गेली यात दोघांपैकी कोणाचाही निष्काळजीपणा होता असे मला वाटत नाही. आम्हाला आमच्या शिक्षकांकडून तोच शब्द दोन अर्थांनी मिळाला होता.

या गोंधळावरचे सर्वांत मोठे सामूहिक काम इन्सब्रुकमधूनच चालले, हे मला येथे आल्यावर कळले. इन्सब्रुकमधील संशोधक एरिख ग्नायगर यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये ‘मायटोईगल’ हे युरोपीय संशोधकांचे जाळे उभे राहिले, आणि २०२० मध्ये त्यातून शेकडो सहलेखकांच्या सहीने परिभाषेचा एक विस्तृत लेख प्रसिद्ध झाला. त्यातील मूळ विचार मला फार पटतो : अवस्थेचे नाव क्रमांकावरून नव्हे, तर तेथे घडणाऱ्या कार्यावरून असावे. एटीपी तयार होत नसताना, केवळ प्रोटॉनची गळती आणि तत्सम तूट भरून काढण्यासाठी चालणारे श्वसन म्हणजे ‘लीक’. एडीपी, फॉस्फेट, इंधन आणि ऑक्सिजन भरपूर असताना एटीपी निर्मितीशी जोडलेले श्वसन म्हणजे ‘ऑक्सफॉस’. आणि अनकपलर नावाचे रसायन घालून श्वसन व एटीपी निर्मिती यांची ही जोडणी तोडल्यावर इलेक्ट्रॉनवहनाची जी कमाल क्षमता दिसते ती ‘ईटी’.

‘भरपूर’ या शब्दात बरेच काही आहे. ‘स्टेट थ्री’ म्हणताना एडीपी पुरेसे होते की नाही, हे कित्येकदा कळतच नाही. वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांना जेवढे एडीपी पुरते, तेवढे छिद्रित (म्हणजे बाहेरच्या पटलाला रसायनाने छिद्रे पाडलेल्या) स्नायुतंतूंना पुरत नाही, कारण तेथे ते आतपर्यंत सहज पोहोचत नाही. अशा वेळी स्नायू दुर्बल आहे असा निष्कर्ष निघू शकतो, आणि प्रत्यक्षात कमी पडलेले असते ते फक्त एडीपी. रुग्णांच्या नमुन्यांवर काम करताना ही शक्यता मला अस्वस्थ करते.

एककांची कथा याहून साधी, पण तितकीच त्रासदायक आहे. जुन्या लेखांत ऑक्सिजन अणूंमध्ये मोजलेला असतो, नव्यांत रेणूंमध्ये, म्हणजे तेथेच दुपटीचा फरक पडतो. वेळ कोठे मिनिटात, कोठे सेकंदात. ‘प्रति मिलिग्रॅम’ हे ओल्या ऊतीचे, कोरड्या ऊतीचे की तंतुकणिकांतील प्रथिनांचे, हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा मला वापरताच येत नाही.

नव्या नावांना विरोधही आहे. अनेक दशकांचे लेखन क्रमांकांत आहे, ते वाचणार कोण, हा ज्येष्ठांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून मी सध्या दोन्ही लिहिते, आणि त्याखाली कुपीत कोणता पदार्थ, कोणत्या क्रमाने, किती प्रमाणात घातला याची पूर्ण ओळ देते.

याच निमित्ताने मराठी प्रतिशब्दांची एक वही सुरू केली आहे. ‘गळती-श्वसन’ सहज जमले, तरी ‘गळती’मुळे दोष सूचित होतो आणि निरोगी तंतुकणिकेतही ती असतेच, ही टीप जोडावी लागली. अडले आहे ते पुढे. शरीरातच स्वाभाविकपणे सैल असलेली जोडणी, प्रयोगात रसायनाने पूर्ण तोडलेली जोडणी आणि आजारामुळे बिघडलेली जोडणी, या तिन्हींसाठी नव्या परिभाषेत तीन वेगळे शब्द आहेत. माझ्या वहीत अजून एकच आहे. तुमच्यापैकी कोणी जीवरसायनशास्त्र मराठीतून शिकवत असेल, तर वर्गात तुम्ही या तिघांना काय म्हणता, ते मला जरूर कळवा.